जागा तीच, काळ दुसरा

विज्ञानकथेचं एक पुस्तक घ्या, पण ते जुनं असू द्या. लिहिणाऱ्याच्या खिशात मोबाइल नव्हता, एवढं तरी जुनं. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, कारेल चापेक, आयझॅक आसिमॉव्ह, रे ब्रॅडबरी, आपले भा. रा. भागवत आणि जयंत नारळीकर. यांतलं जे हाताशी लागेल ते घ्या. वाचायची जागा कुरुळी. मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की हे गाव लागतं. इथं वाचायला सवड कुठं, असं म्हणतात. पण पुणे-नाशिक रस्त्यावर कंपनीची बस जितका वेळ नुसती उभी असते तितक्यात एक कथा आरामात वाचून होते. सेकंड शिफ्टहून आल्यावर झोप लागेपर्यंतचा वेळ असतो. गुरुवारच्या सुटीत धुणं वाळत घातल्यानंतरचा एखादा तास असतो. हे मनन तेवढ्या वेळेसाठी आहे.

एका बैठकीत सगळं वाचू नका. एक भाग वाचा आणि पुस्तक मिटतो तसं हे मिटून ठेवा. जिथं थांबा म्हटलंय तिथं खरोखर थांबा. डोळे मिटायची सक्ती नाही; या मननाला उघडे डोळेच जास्त उपयोगी पडतील.

सुरुवातीला एवढंच ध्यानात घ्या. चांगली विज्ञानकथा जगातली एकच गोष्ट बदलते आणि बाकीचं जग होतं तसं ठेवते. मग ती वाट पाहते. दुधात चमचाभर विरजण घालून भांडं झाकून ठेवावं, तसं. बदल एवढासा असतो, पण सकाळपर्यंत भांड्यातलं सगळंच बदललेलं असतं. जुन्या लेखकांना हे फार छान साधायचं. आपण त्यांच्याकडून तेवढंच घेऊ. आधी काळ हलवू, मग एक नियम बदलू, मग एक घटना, आणि शेवटी एक गोष्ट काढून घेऊ. जागा मात्र बदलायची नाही. जागा कुरुळीच.

काळ हलवा

वेल्सची 'द टाइम मशीन' १८९५ साली आली. छोटीशी कादंबरी आहे. पहिल्या वाचनात तिच्यातली एक गंमत निसटते: हे कालयान कुठं जातच नाही. लंडनजवळच्या एका घरातल्या प्रयोगशाळेत ते उभं असतं आणि तिथंच उभं राहतं. घरकाम पाहणारी बाई खोलीतून बाणासारखी सुटलेली दिसते. रात्र होते, दिवस होतो, पुन्हा रात्र; मग दोन्हींतला फरक कळेनासा होतो आणि सूर्याचा आकाशभर एक पट्टा उरतो. भिंती नाहीशा होतात. डोंगर तेवढा जागेवर राहतो. प्रवासी थांबतो तेव्हा साल असतं ८,०२,७०१. जागा तीच.

आता वेल्सचा हिशेब पाहा. त्या काळातले मॉर्लॉक नावाचे जीव यंत्र ओढून नेतात आणि एका पुतळ्याच्या चौथऱ्यात कोंडून ठेवतात. प्रवासी कसाबसा परततो तेव्हा यंत्र प्रयोगशाळेच्या दुसऱ्याच कोपऱ्यात उभं असतं. मॉर्लॉकांनी जेवढं हलवलं, नेमकं तेवढंच अंतर. कालप्रवास ही एक अशक्य गोष्ट आपण मान्य केली, तर त्यापुढं वेल्स पै-पैचा हिशेब देतो. या सचोटीतच वाचकाचा निम्मा आनंद आहे.

अद्भुताचं आपल्याला वावडं नाही. वर देहू, खाली आळंदी आणि मधून वाहणारी इंद्रायणी. या पट्ट्यातल्या लहान पोरालाही चालती भिंत आणि पाण्यावर तरलेली गाथा ठाऊक असते. तिथं भिंत कशी चालली असं कुणी विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नसतं. त्या गोष्टीचं मर्म चालण्याच्या रीतीत नाही. विज्ञानकथेत मात्र नेमकं तेच विचारायचं असतं. किती अंतर चालली? जमिनीवर खूण उमटली का? थांबवली कशी? हे दोन आनंद वेगळे आहेत. सकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला संध्याकाळी वेल्स वाचायला काहीच हरकत नाही.

आता जिथं बसला असाल तिथंच बसून राहा. फाट्यावरची टपरी असो, गच्ची असो, भाड्याच्या खोलीचं दार असो. काळ मागं सरकवा, पण सावकाश.

कंटेनर उलटे जाऊ लागतात आणि हळूहळू कमी होतात. गोदामांचे पत्रे उतरतात. खोल्यांचे मजले एकेक करून खाली येतात आणि जिन्याखालच्या दुचाक्या नाहीशा होतात. २००९ च्या आसपास या परिसरात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांचे पाये भरून जातात आणि वर बाजरी दिसू लागते, ज्वारी दिसते, कांद्याचे वाफे दिसतात. रस्ता अरुंद होतो. चाकणच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या दिसतात. १९५४: पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहतोय, पण इथल्या बांधावर त्याचं काहीच नाही. आणखी मागं. १६६० चा पावसाळा: शायिस्तेखानाच्या फौजेनं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातलाय आणि फिरंगोजी नरसाळा जवळपास दोन महिने किल्ला लढवतोय. सुरुंगानं बुरूज उडाला, तो आवाज इथवर आलाच असणार. आणखी मागं. १२९६: आळंदीत ज्ञानेश्वर समाधी घेताहेत. त्याच्याही मागं गेलात की वाट उरत नाही. मग गाव नाही, गावाचं नाव नाही, ते घेणारं कुणी नाही. साडेसहा कोटी वर्षं मागं गेलात तर इथं तापलेला लाव्हा पसरत चाललेला दिसेल. बोअर घेताना जो काळा दगड लागतो, तो हाच.

थांबा. त्या दगडावर थोडा वेळ बसा.

मग तितक्याच सावकाश पुढं या. आज ओलांडा आणि पुढं जात राहा. शंभर वर्षं, हजार, आठ लाख. काय दिसलं? पत्रे, पुन्हा शेतं, पाणी, की ओसाड माळ? कुणी माणसं होती का? असली तर उन्हात कोण होतं आणि छपराखाली कोण होतं?

जे दिसलं ते मनात नीट धरून ठेवा. वेल्सचा प्रवासी आठ लाख वर्षं पुढं गेला आणि त्याला दिसले कोण? जमिनीवर बागडणारे, काही न करणारे नाजूक एलॉय, आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे मॉर्लॉक. इतक्या लांब जाऊन त्यानं पाहिलं ते १८९५ चंच इंग्लंड होतं, मालक आणि मजूर यांच्यात वाटलेलं. तुम्हाला पुढं जे दिसलं तेही असंच आजच्या कुरुळीबद्दलचं आहे. भविष्य पाहायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. बरोबर आपलाच काळ घेऊन येतो, फक्त थोडा लांबून पाहिलेला.

एक नियम बदला

या गावाच्या आसपास राहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी रोबो रोज जवळून पाहिलेला असतो. सिनेमातला नाही, बॉडी शॉपमधला. जमिनीला बोल्टनं जखडलेला एक हात, सहा ठिकाणी वळणारा, टोकाला स्पॉट वेल्डिंगची गन. गाडीचा सांगाडा समोर आला की तो वाकतो, चिमटा धरतो, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि पुढच्या ठिपक्याकडे वळतो. काम संपलं की आपल्या होम पोझिशनला जाऊन उभा राहतो. भोवती जाळीचं कुंपण असतं.

चापेकनं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये लिहिलं आणि रोबो जगाला माहीत झाला. त्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. एका बेटावरच्या कारखान्यात रसायनांपासून बनवलेली ती माणसासारखीच शरीरं आहेत, कमी पैशांत जास्त काम करण्यासाठी तयार केलेली. पुढं ते उठाव करतात आणि माणसांना संपवतात. एकाला मात्र जिवंत सोडतात. तो मालक नसतो, शास्त्रज्ञ नसतो. बांधकामावर देखरेख करणारा, स्वतः विटा रचणारा आल्क्विस्ट नावाचा माणूस असतो. त्याला का सोडलं? तो रोबोंसारखा हातानं काम करतो म्हणून.

शिफ्टवरून आलेल्या माणसानं हा प्रसंग दोनदा वाचावा. ज्याच्या हातात काम आहे त्याला यंत्रही ओळखतं, असं चापेक म्हणतोय. की हातानं काम करणाऱ्याकडे आणि यंत्राकडे मालक एकाच नजरेनं पाहत होता, असं म्हणतोय? दोन्ही अर्थ निघतात. एकच निवडायची घाई करू नका.

आसिमॉव्हनं वेगळी वाट धरली. रोबो उलटतीलच, हे गृहीत धरायला त्याची तयारी नव्हती. त्यानं तीन नियम घातले. रोबोनं माणसाला इजा करू नये आणि आपण काही न केल्यामुळंही होऊ देऊ नये; माणसाचा हुकूम पाळावा, पण पहिल्या नियमाला धक्का लागणार नसेल तरच; स्वतःला सांभाळावं, पण आधीचे दोन्ही नियम मोडणार नसतील तरच. हे तिन्ही नियम स्पष्ट शब्दांत पहिल्यांदा आले ते १९४२ च्या 'रनअराउंड' या कथेत. बुध ग्रहावर दोन तंत्रज्ञ अडकलेत. सेलेनियम आणायला पाठवलेला रोबो परतच येत नाही. सेलेनियमच्या डबक्याभोवती गोल गोल फिरत राहतो. कारण? हुकूम देताना जोर दिला नव्हता, म्हणून दुसरा नियम ढिला पडलेला. रोबो महागाचा, म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. डबक्याजवळ धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम मागं ओढतो, लांब गेला की दुसरा पुढं ढकलतो. शेवटी एक तंत्रज्ञ स्वतः रणरणत्या उन्हात जाऊन जीव धोक्यात घालतो. पहिला नियम जागा होतो आणि रोबो धावत येतो.

मेंटेनन्समध्ये काम केलेल्याला ही कथा कुणी समजावून सांगायला नको. मशिन बंद नाही, चालूही नाही, नुसतं घुमतंय. आणि रात्री दोन वाजता दोघं जण त्याच्यासमोर उभे राहून कारण शोधताहेत. अंतराळ, बुध, सेलेनियम हे सगळं वरवरचं. आतली कथा ब्रेकडाउनची आहे.

आता नियम बदला. खऱ्या बॉडी शॉपमधल्या त्या हाताला माणूस म्हणजे काय ते माहीतच नाही. पहिला नियम त्याच्या डोक्यात नाही. तो कुंपणाच्या दारावरच्या कुलपात आहे. दार उघडलं की वीज तुटते, हात जागच्या जागी थांबतो. रोबोला शिकवायला ऑपरेटर पेंडंट, म्हणजे हातात धरायचा नियंत्रक, घेऊन आत जातो, तेव्हा पेंडंटच्या मागचं बटण त्याला अर्धवट दाबून धरावं लागतं. सोडलं तर हात थांबतो. घट्ट आवळलं तरी थांबतो. घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो, हातातलं टाकून देतो किंवा गच्च धरतो. ते बटण बनवणाऱ्याला दोन्ही ठाऊक होत्या.

कल्पना करा की हे सगळं त्या हातालाच कळतंय. समोर उभा राहणारा माणूस त्याला ओळखू येतो. कोण कंत्राटी आहे, कोण कायम आहे, हे कळत नाही. फक्त माणूस कळतो. कोण दमलंय ते कळतं. बाकी लाइन तीच, टार्गेट तेच, सुपरवायझर तोच.

थांबा. पहिल्या तासाला काय होईल, ते बघा. मग पहिल्या महिन्याला.

लाइन किती वेळा थांबेल? आणि प्रत्येक वेळी ती का थांबली, हे कुणाला सांगावं लागेल?

एक घटना बदला

मराठीत विज्ञानकथा बाहेरून आली हे खरं. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं भाषांतर क्रमशः छापलं जाऊ लागलं. पुढं भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हातात दिला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान' ही पुस्तकं वाचून मोठे झालेले लोक आज आजोबा आहेत. पण विज्ञानकथा फार दिवस पाहुणी राहिली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव बदललं होतं. नाव पाहून कुणी बक्षीस देऊ नये, यासाठी. केंब्रिजला त्यांचे गुरू होते फ्रेड हॉइल, ज्यांनी 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ मध्ये लिहिली होती. शास्त्रज्ञानं कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूच्याच उदाहरणावरून पाहिलेलं होतं.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते जागे होतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. मुंबईत अजून इंग्रजांचा अंमल आहे, पण देशभर नाही. हे असं कसं झालं, ते शोधायला पंत ग्रंथालयात जातात. एकेक पान उलटत मागं सरकतात आणि १७६१ च्या पानिपताशी येऊन थांबतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. तिथल्या बखरीत ती गोळी कानाला चाटून गेली. बस्स. तिळाएवढं अंतर. तेवढ्यानं सैन्याचा धीर खचला नाही, मराठे जिंकले आणि पुढचं सगळं वेगळं घडलं.

मराठी माणसाला पानिपताबद्दल काय वाटतं, ते सांगायला नको. नारळीकर त्या जखमेवर फुंकर घालू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. पंत त्या विजयी जगात परके ठरतात. सभा म्हटली की तिथं एक अध्यक्ष असलाच पाहिजे, ही आपल्या जगातली सवय घेऊन ते तिथल्या एका सभेत रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि लोक त्यांना हुसकावतात. जिंकलेलं पानिपत हा त्यांचा देश नाही. कथेत युद्ध बदललं, माणूस बदलला नाही. खरी टक्कर तिथं आहे.

खेड तालुक्यातही एक गोळी अशीच कानाला चाटून गेलेली आहे. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ आधी याच बाजूला व्हायचा होता. चाकण, मग राजगुरुनगरच्या बाजूच्या जागा पाहिल्या गेल्या, नकाशे निघाले, गावोगाव विरोधाच्या सभा झाल्या. वर्षामागून वर्षं गेली आणि २०१६ मध्ये विमानतळाची जागा पुरंदर तालुक्यात ठरली. नकाशावरची धावपट्टी पुसली गेली.

आता ती पुसू नका. इथंच विमानतळ झाला असं धरा. बाकी सगळं तेच ठेवा: तीच माणसं, तेच स्वभाव, तेच रस्ते. पहाटे पाचचं विमान तुमच्या गच्चीवरून जातंय. सातबाऱ्यावरची नावं कुणाची आहेत? तुम्ही राहता ती खोली आहे का? शाळेतली मुलं कसली चित्रं काढताहेत? शेजारच्या म्हातारबाबांनी आलेल्या पैशांतून काय घेतलं, आणि ते घेऊन ते सुखी आहेत का?

थांबा. या दुसऱ्या कुरुळीत जरा फिरून या. लगेच बरं-वाईट ठरवू नका.

आता उलट बाजूनं पाहा. त्या दुसऱ्या कुरुळीतही कुणीतरी गच्चीवर बसलंय आणि विमानतळ झालाच नसता तर काय झालं असतं, याचा विचार करतंय. त्याच्या कल्पनेतलं गाव म्हणजे तुमचं आजचं गाव. त्याला ते नवलाचं वाटतंय. कंटेनर, मेसचे डबे, खोल्यांच्या जिन्याखाली लावलेल्या दुचाक्यांची रांग. हे सगळं त्याला कुणीतरी रचलेल्या कथेसारखं वाटतंय. त्याच्या डोळ्यांनी एकदा फाट्याकडे बघा.

एक गोष्ट काढून घ्या

चौथा बदल सगळ्यांत साधा आहे. आसिमॉव्हनं तो १९४१ च्या 'नाइटफॉल' कथेत केला. एका ग्रहाच्या आकाशात सहा सूर्य आहेत. एखादा तरी कायम वर असतो, म्हणून तिथं रात्र होतच नाही. २,०४९ वर्षांतून एकदा, एकच सूर्य आकाशात असताना, त्याला ग्रहण लागतं आणि अंधार पडतो. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडलाय, दिवस ठरलाय. आकाशात आणखी काही सूर्य असावेत, असा एकाला संशय आहे. पण त्याची कल्पना पुरी ताणूनही डझन-दोन डझनांपलीकडे जात नाही.

अंधार पडतो आणि तीस हजार तारे दिसतात. माणसं वेडी होतात.

ही कथा वाचून बाहेर आलेल्या माणसाला पहिली इच्छा होते ती आकाशाकडे बघायची. तीच तिची खरी करामत. रात्र आपल्याला जन्मापासून मिळालेली असते. आसिमॉव्ह ती काढून घेतो आणि मग परत करतो. परत मिळालेली रात्र आधीची राहत नाही.

कुरुळीतून आकाश बघणं सोपं नाही. कारखान्यांच्या आवारातले फ्लडलाइट, होर्डिंगचे दिवे, रस्त्यावरच्या गाड्यांची न संपणारी ओळ. लाइट गेली तरी कंपन्यांचे जनरेटर लगेच सुरू होतात. इथं जन्मलेल्या लहान मुलाची अवस्था त्या ग्रहावरच्या माणसापेक्षा फार वेगळी नाही. त्यानंही कदाचित दहा-बारा ताऱ्यांवर आकाश संपवलेलं असेल.

तर दिवे काढून घ्या. एकदम नको, एकेक. आधी होर्डिंग. मग गोदामांचे. मग गाड्या जिथं आहेत तिथं उभ्या करा आणि हेडलाइट बंद करा. खिडक्या. टपरीवरचा बल्ब. शेवटी हातातल्या मोबाइलचा पडदा. आता वर बघा, आणि डोळे सरावायला वेळ द्या.

थांबा.

याच रस्त्यानं उत्तरेकडे गेलं, नारायणगावहून आत वळलं की खोडद लागतं. तिथं आणि आजूबाजूच्या गावांच्या शिवारांत मिळून प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही जीएमआरटी दुर्बीण. तिला उजेडाचा त्रास होत नाही; ती रेडिओ लहरी ऐकते, आणि त्या लहरी इतक्या क्षीण असतात की आसपासच्या यंत्रांचा गलबला तिला नकोसा होतो. या दुर्बिणीपायी पुणे-नाशिक रेल्वेच्या ठरलेल्या मार्गाचा फेरविचार करायची वेळ आली. एकाच रस्त्यावर एकीकडे आवाज करणारे कारखाने आणि दुसरीकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकणाऱ्या तबकड्या, आणि त्या दोघांमध्ये कुणाला किती जागा द्यायची यावर माणसं चर्चा करताहेत. हे विज्ञानकथेत लिहिलं असतं, तर संपादकानं 'जरा जास्तच होतंय' म्हणून परत पाठवलं असतं.

उलटून गेलेलं भविष्य

आता पुस्तकाकडे वळा. आपण जुनंच पुस्तक का घेतलं, ते अजून सांगायचं राहिलंय.

'रनअराउंड' घडते २०१५ साली. ते वर्ष आलं आणि गेलं; बुधावर कुणी खाणकाम करायला गेलं नाही. ब्रॅडबरीची १९५० मधली एक कथा आहे: माणसं अणुस्फोटात नाहीशी झालीत आणि यंत्रांनी चालणारं एक घर एकटंच नाश्ता बनवतंय, वेळ सांगतंय, फरशा पुसतंय. त्याच्या मंगळावरच्या कथांच्या पुस्तकात या कथेवर तारीख छापलीय ऑगस्ट २०२६. ज्यांच्यासाठी ते फार दूरचं भविष्य होतं, त्यांतले बहुतेक वाचक आता राहिले नाहीत. ते वर्ष मात्र आपल्या कॅलेंडरमध्ये आहे. जुन्या कथांतली माणसं अंतराळयानात बसून सिगारेट ओढतात आणि गणितासाठी खिशातून सरकपट्टी काढतात. परग्रहावर गेलेल्या तुकडीत बाई क्वचितच असते. असली तर चहा-कॉफी पाहते किंवा वाचवली जाते.

हे वाचून हसू येतं. हसा. पण हसून झाल्यावर एक पाहा: लेखक कुठं चुकला? रोबो, रॉकेट, मंगळ हे त्यानं मुद्दाम बदललेलं. तिथं तो बऱ्याचदा जवळपास पोचलाय. खरी चूक झाली ती न बदललेल्या गोष्टींत. सिगारेट, सरकपट्टी, घरात बसलेली बाई. हे बदलायचं त्याच्या मनातच आलं नाही, कारण ते त्याला काळ वाटलंच नाही. ते त्याला जग वाटलं. त्याच्या काळाची भिंत नेमकी कुठं होती, ते आज आपल्याला बोट ठेवून दाखवता येतं. त्याला दिसत नव्हती.

नवी विज्ञानकथा हे देऊ शकत नाही, कारण तिची भिंत तीच आपली भिंत. पन्नास-शंभर वर्षं जुनं पुस्तक आपल्याला दुसऱ्याची भिंत दाखवतं, आणि एकदा ती बघायची सवय लागली की मग स्वतःची शोधावीशी वाटते. जुन्या विज्ञानकथेची गोडी मला वाटतं इथं आहे. पुढं काय होणार, हे तिनं बरोबर सांगितलं की चूक, हा प्रश्न तिथं मागं पडतो.

म्हणून शेवटची बैठक एका यादीसाठी ठेवा. कुरुळीत आणि तुमच्या दिवसात अशा कुठल्या गोष्टी आहेत, ज्या बदलायचं कुणाच्या मनातच येत नाही? आठ तासांच्या तीन शिफ्ट. सात महिन्यांनी संपणारं कंत्राट. माल रस्त्यानंच जाणार. रस्ता तुंबलेलाच असणार. जमीन विकणारा एकदाच विकणार आणि त्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या कंपनीच्या दारात गार्ड म्हणून उभा राहणार. पोरगा आयटीआय करणार, पोरगी अठरा-वीस वर्षांची झाली की तिच्या लग्नाचं पाहायचं. पाणी टँकरनं येणार. यांतलं काही तुमच्या यादीत नसेल. तुमचं वेगळं असेल. लिहून काढा. यादी सुचेनाशी झाली की घाई न करता आणखी दोन गोष्टी लिहा. उपयोगाच्या त्याच असतात.

मग त्यातली एक निवडा आणि पुढच्या गुरुवारी तेवढीच बदला. बाकी माणसं, स्वभाव, रस्ता, भाडं, सगळं होतं तिथं ठेवा. हिशेब वेल्ससारखा ठेवा: जेवढं हलवलं तेवढंच अंतर, एक इंच इकडं-तिकडं नाही. आधी काय होईल, कुणाला त्रास होईल, कुणाचं बरं होईल, कोण विरोध करेल आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल का, हे सगळं ओळीनं पाहत जा. इथली शेतं एका पिढीत कारखाने झाली. ज्यांनी तो बदल डोळ्यांनी पाहिला ते अजून पारावर बसतात. काहीच बदलत नाही, असं त्यांना तरी सांगू नका. तुमची यादी आधी त्यांनाच दाखवा.